घर करंजाडेत, गाडी कोकणात. मग छत्री कोणाची घ्यावी?

पनवेल, प्रतिनिधी

पनवेलहून गाढी नदी ओलांडून करंजाडेच्या वसाहतीत शिरणाऱ्याने सहज मान वर करून पाहिले, तर खिडक्यांच्या जाळ्यांवर आणि गच्च्यांच्या कठड्यांवर बसवलेल्या डिश, म्हणजे घरगुती बोलीतल्या छत्र्या, साधारण एकाच बाजूला तोंड करून उभ्या दिसतात. बारकाईने पाहिल्यास मात्र त्यांच्यात फरक आढळतो. काही दक्षिणेकडे झुकून मान उंच करून आहेत, काही पूर्वेकडे वळून बरेच खाली पाहणाऱ्या. कंपनीगणिक उपग्रह वेगळा, आणि उपग्रहागणिक आकाशातली जागा वेगळी. दूरचित्रवाणीची सेवा निवडताना ग्राहक वाहिन्यांची यादी आणि महिन्याचे पैसे पाहतो. आपल्या खिडकीतून आकाशाचा नेमका कोणता तुकडा दिसतो, हा प्रश्न बहुधा जोडणी करणारा कारागीर दारात उभा राहिल्यावरच पुढे येतो.

आता या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला गेला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. स्वयंपाकाचा ओटा, झोपण्याच्या फळ्या आणि छोटा टीव्ही असलेली गाडी घेऊन कोकणात उतरणारी कुटुंबे अजून मोजकी असली, तरी मुंबई-गोवा महामार्ग पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरूनच सुरू होत असल्याने या हौशीला करंजाडे हे सोयीचे ठिकाण आहे. घरात आई-वडील मालिका पाहणार, गाडीत मुले क्रिकेट पाहणार. तर जोडणी एक घ्यावी की दोन? एकच घेऊन डबा गाडीत नेला, तर मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांच्या संध्याकाळी मुक्या होतात. दोन घेतल्या, तर वर्षातून वीस दिवस चालणाऱ्या गाडीसाठी बारा महिने पैसे भरावे लागतात.

पाच उपग्रह, पाच कोन

भारतात घरोघरच्या छत्र्यांना परवानगी तशी उशिराच मिळाली. जुलै १९९७ मध्ये घातलेली बंदी नोव्हेंबर २००० मध्ये उठली आणि मार्च २००१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्ही, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क सेवा आणि ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय सुरू झाली. पुढे सन डायरेक्ट, बिग टीव्ही, एअरटेल आणि व्हिडिओकॉन डीटूएच आल्या. बिग टीव्ही नंतर बंद पडली, डीटूएच २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली आणि टाटा स्कायचे नाव जानेवारी २०२२ पासून टाटा प्ले झाले. आज पैसे घेऊन सेवा देणाऱ्या कंपन्या चारच उरल्या आहेत. टाटा प्ले व एअरटेल यांच्या एकत्रीकरणाची बोलणी २०२५ मध्ये झाली आणि मोडलीही.

हे सर्व उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याच्या गतीनेच फिरतात. म्हणून खालून पाहणाऱ्याला ते स्थिर भासतात. करंजाडे ७३ अंश पूर्व रेखांशाच्या किंचित पुढे आहे आणि सर्व उपग्रह त्याच्या पूर्वेला, त्यामुळे इथली प्रत्येक छत्री आग्नेयेच्या अंगाला पाहते. हिशेब मांडला तर चित्र असे दिसते. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर; त्यासाठी छत्री दक्षिणेपासून पूर्वेकडे साधारण २८ अंश वळवावी लागते आणि नजर क्षितिजापासून ६५ अंश वर ठेवावी लागते. डीटूएच ८८ अंशांवर आहे, त्याची उंची ६२ अंश. दूरदर्शनची फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून ९३.५ अंशांवर येते. तिच्यासाठी नजर बरोबर आग्नेयेच्या जवळ आणि ५८ अंश वर. डिश टीव्ही ९५ अंशांवर, उंची ५६ ते ५७ अंश. एअरटेलचा उपग्रह मात्र १०८.२ अंशांवर, म्हणजे बराच पूर्वेला. करंजाडेतून तो पूर्वेपासून दक्षिणेकडे केवळ २५ अंशांवर आणि क्षितिजापासून ४४-४५ अंशच वर दिसतो.

कागदावर कोरडे वाटणारे हे आकडे गच्चीवर गेल्यावर बोलू लागतात. समजा, समोर छत्रीपेक्षा १२ मीटर, म्हणजे साधारण चार मजले उंच इमारत आहे. ती टाटा प्लेच्या दिशेला असेल, तर छत्री तिच्यापासून साडेपाच-सहा मीटरवर असली तरी भागते. डिश टीव्हीसाठी आठ मीटर लागतात. एअरटेलच्या दिशेला तीच इमारत असेल, तर बारा मीटरहून अधिक मोकळी जागा हवी. दाटीने उभ्या राहिलेल्या वसाहतीत दोन इमारतींमधले अंतर हाच निर्णायक मुद्दा ठरतो. उलट, ज्याची खिडकी थेट पूर्वेकडे उघडते, त्याला एअरटेल सहज मिळेल आणि टाटा प्लेसाठी मात्र भिंतीच्या कोपऱ्यावरून वाकून पाहावे लागेल. वायव्येकडे तोंड असलेल्या सदनिकेला गच्चीशिवाय पर्यायच नाही. तिथे सोसायटीची परवानगी आणि लांब केबल दोन्ही आले. केबल तीस-चाळीस मीटरच्या पुढे गेली की सिग्नल क्षीण होऊ लागतो, हे सहाव्या मजल्यावरच्या गच्चीतून पहिल्या मजल्यावर तार सोडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

उपकरण हाताशी नसले तरी अंदाज घेता येतो. हात पुढे ताणून मूठ वळली, तर ती डोळ्याला साधारण दहा अंशांची दिसते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत साडेचार मुठी चढल्या की एअरटेलची उंची, जेमतेम सहा मुठींवर फ्री डिश आणि साडेसहा मुठींवर टाटा प्ले. त्या जागी भिंत दिसली, तर ती सेवा त्या खिडकीत येणार नाही. शेजारच्याची छत्री पाहून मात्र अंदाज बांधू नये. घरगुती छत्रीचा एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा पुष्कळ वर पाहत असते.

एक भविष्यातला धोका आहे. आज मोकळा असलेला समोरचा भूखंड उद्या मोकळा राहीलच असे नाही. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळामुळे परिसरातील इमारतींच्या उंचीवर बंधने आहेत, ही छत्रीवाल्यांच्या दृष्टीने योगायोगाने झालेली सोय. पण चार मीटरवर उभी राहणारी सात मजली इमारतही आग्नेय झाकायला पुरेशी आहे. आग्नेयेला रिकामा भूखंड असेल, तर लांब मुदतीचे पैसे एकदम भरण्याआधी विचार करावा.

पावसाचे काय?

करंजाडेत जून ते सप्टेंबर हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. या सेवा केयू बँडमधील लहरींवर चालतात. त्यांची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असल्याने मुसळधार सरीत त्या शोषल्या व विखुरल्या जातात. नजर जितकी तिरकी, तितका पावसातून जाणारा मार्ग लांब. एअरटेलच्या कोनात तो टाटा प्लेच्या मार्गापेक्षा सुमारे तीस टक्के लांब भरतो. मात्र एवढ्यावरून निकाल देणे अन्यायाचे होईल; उपग्रहाची शक्ती, त्याचा झोत आणि छत्रीचा आकार यांचाही त्यात वाटा असतो. व्यवहारात पावसाळी तक्रारींचे मूळ बहुधा आकाशात नसते. सैल झालेले नटबोल्ट, पाणी शिरलेले केबलचे टोक आणि उन्हाळ्यात दोन अंश सरकलेली छत्री ही नेहमीची कारणे. कोरड्या दिवसांत जेमतेम पुरणारा सिग्नल पहिल्या जोरदार सरीत जातो. मे महिन्यातच डब्याच्या मेन्यूतली सिग्नलची पट्टी पाहून घेतली, तर निम्मा त्रास टळतो. मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेरीस काही दिवस दुपारपूर्वी चित्र पाच-दहा मिनिटे गायब होते, तो मात्र कोणाचा दोष नाही. सूर्य त्या वेळी उपग्रहाच्या पाठीमागे आलेला असतो.

गाडीच्या टपावर की जमिनीवर?

गाडीचा प्रश्न मुळातच वेगळा आहे. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर सुमारे तीन अंशांइतकीच रुंद असते. दीड अंशाने हुकली की सिग्नल निम्म्यावर येतो. धावत्या गाडीत चित्र हवे असेल, तर उपग्रहाचा माग काढत स्वतःहून फिरणारी, घुमटात बसवलेली अँटेना लागते. अमेरिकेत मोटारगृहांसाठी अशा अँटेना आणि लागेल त्या महिन्यापुरतेच पैसे भरण्याच्या योजना सर्रास मिळतात. तिकडच्या किमती ऐकल्या, की इकडच्या ग्राहकाने थांबूनच टीव्ही पाहावा हे उत्तम. शिवाय चालकाच्या नजरेच्या टप्प्यात पडदा असूच नये.

थांबल्यावर छत्री टपावर ठेवावी की खाली, यावर हौशी मंडळींत मतभेद असतात. टपावर ठेवण्याचे तोटे अधिक आहेत. गाडी स्प्रिंगांवर उभी असते. आत कोणी चालले तरी ती एक-दोन अंश डोलते, आणि तेवढ्याने चित्राचे चौकोन होतात. उभारलेली छत्री विसरून गाडी हलवली, तर पहिल्याच फांदीला ती अर्पण होते. कायमस्वरूपी जोडकाम करायचे असेल, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येऊ शकते. नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. तसे काही करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणे शहाणपणाचे. त्यापेक्षा जमिनीवर ठेवायची लोखंडी तिपाई, दहा मीटर केबल, होकायंत्र, ओळंबा आणि बाजारात स्वस्तात मिळणारा सिग्नल मीटर एवढे सामान पुरते. आधी ओळंबा लावून खांब सरळ करावा. खांब तिरका असला, तर पुढचे सगळे कोन खोटे ठरतात. होकायंत्र गाडीच्या पत्र्यापासून चार पावले दूर धरावे. तिपाईच्या पायांवर पाण्याचे कॅन किंवा दगड ठेवावेत, नाहीतर समुद्रावरचा वारा तिला रात्रीतून आडवी करतो.

स्थळ बदलले की कोनही बदलतात, पण महाराष्ट्रात फार नाही. फ्री डिशसाठी करंजाडेत होकायंत्रावर १३१ अंश आणि उंची ५८ अंश लागते, तर मालवणात १२७ आणि ६०. लेहपर्यंत गेल्यास मात्र १५३ आणि ४७ असा मोठा फरक पडतो. ठिकाणानुसार एलएनबीही आपल्या अक्षाभोवती थोडा फिरवावा लागतो. पुष्कळ जण छत्री अचूक लावतात, एलएनबी तसाच ठेवतात आणि अर्ध्याच वाहिन्या का येतात म्हणून डोके खाजवतात.

कोकणात खरा अडथळा डोंगराचा नसून झाडांचा आहे. साठ अंशांच्या नजरेला घाटाची भिंत सहसा आड येत नाही, आणि खोल दरीच्या तळाशीही जिथे मोबाइलला रेंज नसते तिथे उपग्रह दिसतो. पण गावातल्या खळ्यात, माड आणि आंब्याच्या सावलीत गाडी लावण्याचा मोह होतोच, आणि ओली पाने सिग्नल पार गिळून टाकतात. गाडी सावलीत, तिपाई उन्हात, मध्ये दहा मीटर केबल, हा त्यावरचा साधा तोडगा.

विजेचा हिशेब फारसा अवघड नाही. बहुतेक सेट-टॉप बॉक्स बारा व्होल्टवर चालतात आणि एलएनबीची वीजही केबलमधून तेच पुरवतात. बारा व्होल्टवर चालणारा चोवीस इंची टीव्ही आणि डबा मिळून चाळीस वॉट धरले, तर १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरून सुमारे पंधरा तास पुरते. पंखा व फ्रिज त्याच बॅटरीवर असतील, तर हा आकडा झपाट्याने खाली येतो.

दुसऱ्या जोडणीचे पैसे

घरची जोडणीच गाडीत न्यावी हा विचार पहिल्यांदा सुचतो. झोत देशभर पडत असल्याने तांत्रिकदृष्ट्या डबा काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत चालतो. मात्र जोडणी नोंदवलेल्या पत्त्यासाठी असते, आणि दुसऱ्या टीव्हीची सवलत त्याच घरातल्या संचासाठी. सवलतीचा दुसरा डबा घेऊन तो गाडीत फिरवणे अटींत बसत नाही. डबे अदलाबदल करण्याचीही सोय नाही. कोणत्याही कंपनीचा डबा कोणत्याही सेवेवर चालावा अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एप्रिल २०२० मध्ये केली होती, ती अजून ग्राहकाच्या हाती आलेली नाही.

फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या दररचनेत १३० रुपये अधिक कर असे जोडणीचे मूळ शुल्क ठरले होते. त्यावर सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने या शुल्कावरील कमाल मर्यादा काढून टाकली. त्यामुळे आता कंपन्यांचे मूळ शुल्क विचारून, १८ टक्के वस्तू व सेवा कर धरूनच तुलना करायला हवी. समजा, पसंतीच्या मराठी वाहिन्यांसह महिन्याला ३०० रुपये पडतात. गाडीसाठी तशीच दुसरी जोडणी वर्षभर चालू ठेवली, तर ३,६०० रुपये झाले, आणि गाडी वीस दिवसच बाहेर पडत असेल, तर दिवसाला १८० रुपये. नियमांत सेवा तात्पुरती थांबवण्याची सोय आहे. तिची मुदत आणि पुन्हा चालू करण्याचा खर्च जोडणी घेतानाच विचारावा.

या हिशेबात फ्री डिश पुढे सरकते. डबा व छत्री मिळून दोन हजारांच्या आसपास एकदाच खर्च, पुढे महिन्याचे काही नाही, आणि पत्त्याचे बंधनही नाही. टीव्हीतच उपग्रह ट्यूनर असेल, तर उघड प्रक्षेपित होणाऱ्या वाहिन्यांसाठी डब्याचीही गरज पडत नाही. सह्याद्री त्यावर आहेच. खासगी मराठी वाहिन्या मात्र प्रसारभारतीच्या लिलावानुसार येतात-जातात, त्यामुळे ठरावीक मालिकेवर जीव असलेल्या घरासाठी हा पर्याय अपुरा आहे. गाडीसाठी मात्र तो पुरेसा ठरतो, आणि त्याला क्रिकेटचे एक अनपेक्षित कारणही आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसारभारतीला द्यावे लागते. ते प्रक्षेपण दूरदर्शनने केवळ आपल्या जमिनीवरील जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवावे, खासगी केबल व डीटीएचवर नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे अशा सामन्याच्या वेळी तिपाईवरच्या फुकटच्या छत्रीला जे दिसते, ते महिन्याचे पैसे भरणाऱ्याला दूरदर्शनच्या वाहिनीवर दिसत नाही.

मग मोबाइल हातात असताना छत्रीचा खटाटोप कशाला, असा प्रश्न तरुण विचारतात, आणि तो रास्त आहे. २०२० मध्ये सुमारे सात कोटी असलेले सशुल्क डीटीएचचे ग्राहक मार्च २०२५ मध्ये पाच कोटी ६९ लाखांच्या आसपास उतरले, ते उगाच नव्हे. घरच्या जोडणीवर कंपन्यांचे मोबाइल ॲप मिळते, त्यावर बऱ्याच वाहिन्या गाडीतही पाहता येतात. दूरदर्शनच्या वाहिन्या नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'वेव्हज'वर आहेत. महामार्गावर व शहरात हे पुरे होते. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड भागांत वीज आणि मोबाइल सेवा कित्येक दिवस बंद होती. वादळात गच्चीवरची छत्रीही उडते हे खरे. तिपाईवरची मात्र आधी उतरवून गाडीत ठेवता येते आणि वारा पडल्यावर बॅटरीवर बातम्या व हवामानाचा इशारा पाहता येतो.

तेव्हा करंजाडेतल्या अशा कुटुंबाने घरासाठी खिडकीतून जो उपग्रह दिसतो आणि घरच्यांच्या मराठी वाहिन्या जिथे स्वस्त पडतात ती सशुल्क जोडणी घ्यावी, आणि ती घरातून हलवू नये. गाडीसाठी फ्री डिशचा संच व तिपाई घ्यावी. रेंज असेल तिथे घरच्या जोडणीचे ॲप वापरावे. महिन्यातून दहा-पंधरा दिवस गाडीतच राहणाऱ्यांनी दुसऱ्या सशुल्क जोडणीचा विचार करायला हरकत नाही. गणपतीला निघण्याआधी एका रविवारी इमारतीच्या आवारातच तिपाई उभारून पाहावी. पहिल्या खेपेला तासभर जातो, तिसऱ्या खेपेला दहा मिनिटे. करंजाडेचे आणि मुक्कामाच्या गावाचे कोन कागदावर लिहून गाडीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले, म्हणजे अंधार पडल्यावर पोहोचलेल्यांनाही बॅटरीच्या उजेडात छत्री लावता येते.